भीती वाटते, म्हणजे श्रद्धा कमी पडली का?

वाचक भगिनीचे पत्र:

“माझे वय ६१ आहे. मी ठाण्यात राहते. शाळेत शिक्षिका होते. यजमानांना जाऊन दोन वर्षे झाली आणि मुलगा-सून इस्राएलमध्ये अश्दोदला आहेत. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया व्हायची आहे. दिवस कसाबसा जातो, परंतु रात्री तीनच्या सुमारास जाग येते, हातपाय गार पडतात आणि नको ते विचार सुरू होतात. लहानपणापासून शेमा ही आपली यहुदी प्रार्थना म्हणत आले, आताही म्हणते; पण भीती जात नाही, आणि मग आपले शब्दच पोकळ आहेत असे वाटू लागते. शेजारच्या बाई मला ध्यानाच्या वर्गाला घेऊन गेल्या. तिथे मन रिकामे करायला सांगितले, तेव्हा माझे मन उलट भीतीनेच भरून गेले. आपल्या धर्मात ध्यान आहे का? एवढी भीती वाटते, म्हणजे माझी श्रद्धा कच्ची आहे का? एलियाहू हनाबी या आपल्या संदेष्ट्याला मलिद्याचा, म्हणजे गोड पोह्यांच्या ताटाचा, नवस बोलले आहे, पण तोही देवाशी केलेला सौदाच वाटतो.”

प्रिय भगिनी, शालोम.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधल्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते, कारण रात्री तीन वाजता तोच तुम्हाला सर्वांत जास्त टोचत असणार. नाही, तुमची श्रद्धा कच्ची नाही. तुमच्या मनात आज दोन भीती आहेत: एक शस्त्रक्रियेची आणि दुसरी, आपल्याला भीती वाटते याचीच. पहिली शस्त्रक्रिया पार पडेपर्यंत थोडीबहुत तुमच्यासोबत राहील आणि ती तशी राहण्यात काही वावगे नाही. दुसरी मात्र तुम्ही आजच खाली ठेवू शकता, कारण तिला आपल्या तोराहमध्ये, म्हणजे धर्मग्रंथात, कोठेही आधार नाही.

आपला पूर्वज याकोब याचेच पाहा. वीस वर्षे परमुलुखात काढून तो घरी परतत होता, आणि ‘मी तुझ्यासोबत आहे’ असे वचन त्याला साक्षात परमेश्वराकडून मिळालेले होते. तरीही भाऊ एसाव चारशे माणसे घेऊन सामोरा येत आहे हे कळताच याकोब फार भ्याला आणि व्याकूळ झाला, असे उत्पत्ती ग्रंथाच्या ३२व्या अध्यायात स्वच्छ लिहिले आहे. त्याच्या या भीतीवर कोणी पांघरूण घातलेले नाही. त्यानंतर तो जी प्रार्थना करतो ती मी अनेकदा वाचली आहे, आणि प्रत्येक वेळी तिच्यातल्या एका वाक्यापाशी थांबते: ‘मला त्याची भीती वाटते.’ तो आधी धीर गोळा करून मग देवापुढे उभा राहत नाही. भीतीसकट उभा राहतो आणि तिचे नाव घेतो. शिवाय प्रार्थना झाली म्हणून तो हातावर हात ठेवून बसत नाही. भावासाठी भेटी पाठवतो, आणि आपल्या माणसांचे दोन तांडे करून बचावाची तयारीही त्याने आधीच केलेली असते. भीती, प्रार्थना आणि तयारी या तिन्ही गोष्टी त्या एका रात्रीत एकमेकींच्या शेजारी आहेत.

आणि ज्या एलियाहू हनाबीला तुम्ही नवस बोललात, त्याची गोष्ट तर तुमच्या पत्राला उत्तर म्हणूनच लिहिली असावी असे मला वाटते. आपण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी मंडळी, मलिद्याचे ताट त्याच्या नावाने मांडतो आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या म्हणून दाखवतो. त्यामुळे आपल्या मनात त्याचे चित्र असते ते अग्निरथातून स्वर्गाला गेलेल्या, राजांना न भिणाऱ्या पुरुषाचे. पण राजांच्या पहिल्या ग्रंथाचा १९वा अध्याय काढा. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवल्यानंतर लगेचच ईझेबेल राणी त्याला ठार मारण्याची धमकी पाठवते आणि तो जीव घेऊन पळतो. बेर-शेबाला चाकराला मागे ठेवून एक दिवसाची वाट रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, ‘आता पुरे झाले, माझा प्राण घे.’ मग त्याला झोप लागते.

यावर देवाने काय केले, ते शांतपणे वाचण्यासारखे आहे. ‘तुझी श्रद्धा कुठे गेली’ असे कोणी त्याला विचारले नाही. दूताने त्याला स्पर्श करून उठवले आणि खायला सांगितले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो खाऊन पुन्हा निजला, तेव्हा दूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून खाऊ घातले, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. उपदेशाच्या आधी झोप, भाकर आणि पाणी. पुढे होरेब डोंगरावरच्या गुहेत परमेश्वर त्याला विचारतो, ‘एलिया, तू इथे काय करतोस?’ आणि तो आपले सगळे गाऱ्हाणे सांगतो. मग वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो, आणि या तिन्हींत परमेश्वर नसतो. त्यानंतर येतो तो सूक्ष्म, शांत स्वर. तो ऐकताच एलियाहू झग्याने तोंड झाकून घेतो. परमेश्वर पुन्हा तोच प्रश्न विचारतो आणि एलियाहू शब्दही न बदलता तेच गाऱ्हाणे पुन्हा सांगतो. एवढा मोठा संदेष्टा एकच रडगाणे दोनदा गातो आणि ते दोन्ही वेळा ऐकून घेतले जाते. रोज रात्री तेच तेच देवाला काय सांगायचे, असा संकोच तुम्हाला वाटत असेल, तर ही गोष्ट ध्यानात असू द्या.

आता तुमचा पहिला प्रश्न. आपल्या धर्मात ध्यान आहे, आणि ते फार जुने आहे. मिश्ना या धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथाच्या बेराखोथ भागात सांगितले आहे की पूर्वीचे भक्तजन प्रार्थनेआधी तासभर थांबत, म्हणजे हृदय परमेश्वराकडे वळावे. याकोबाचा पिता इसहाक संध्याकाळी शेतात गेला होता तो कशासाठी, हे सांगताना तोराह जो हिब्रू शब्द वापरते, त्यात चिंतन आणि संवाद हे दोन्ही अर्थ आहेत. आपल्या ऋषींनी मिन्हाची, म्हणजे दुपारनंतरची, प्रार्थना त्याच प्रसंगाशी जोडली आहे. तेराव्या शतकातल्या अब्राहाम अबुलाफिया या गूढवादी साधकाने हिब्रू अक्षरे आणि श्वास यांची अवघड साधना लिहून ठेवली. ती तुमच्यासाठी नाही, मार्गदर्शकावाचून कोणासाठीही नाही, आणि हृदयाच्या रुग्णाने तर श्वास रोखण्याच्या वाटेला जाऊच नये.

परंतु या सर्व परंपरेचा गाभा मला जसा उमगला आहे तो असा: आपल्या ध्यानात मन रिकामे करणे हा शेवट नसतो. मन शांत करायचे ते कोणाचे तरी ऐकण्यासाठी आणि कोणाला तरी काही सांगण्यासाठी. त्या वर्गात तुम्हाला जमले नाही यात तुमचे काही चुकले नाही. ज्याच्या छातीवर ओझे आहे त्याला ‘ओझे नाही असे समज’ म्हटले की ते जास्तच जाणवते. भीती ही मुळात आपण आपल्याशीच केलेली बडबड असते. ‘असे झाले तर, तसे झाले तर’ हे तुम्ही कोणाला सांगत असता? कोणालाच नाही. यहुदी ध्यान तीच बडबड घेते आणि तिचे तोंड वळवते. वाक्य तेच राहते, पण आता ऐकणारा कोणी असतो.

स्तोत्रसंहितेतले २३वे स्तोत्र तुम्हाला पाठ असेल. त्यातली एक गोष्ट बहुधा आपल्या कानांवरून निसटते. आरंभी दाविद परमेश्वराविषयी बोलतो: तो माझा मेंढपाळ आहे, तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्याजवळ नेतो. सगळीकडे ‘तो’. मग चौथ्या ओवीत मृत्युछायेची दरी येते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी भाषा बदलते: ‘मी अनिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ हिरव्या कुरणात जो ‘तो’ होता, तो अंधाऱ्या दरीत ‘तू’ झाला. शिवाय दरी संपली असे दाविद म्हणत नाही. मी तिच्यातून चालतो आहे, एवढेच म्हणतो. तुमच्या शेमाच्या मागे हा ‘तू’ यावा, एवढाच माझा प्रयत्न आहे.

ही ‘तू’ म्हणण्याची रीत सर्वांत सोपी करून सांगितली ती ब्रेस्लोवच्या रब्बी नाखमान यांनी. हसीदी या यहुदी भक्तिपंथाचे संस्थापक बाल शेम तोव यांचे ते पणतू. १७७२ मध्ये जन्मले आणि क्षयाने खंगून १८१० मध्ये, वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी, युक्रेनमधल्या उमान गावी वारले. आजारपण, घरातले मृत्यू आणि मनाची काळोखी या गोष्टी त्यांनी स्वतः भोगल्या होत्या. त्यांची साधना म्हणजे ‘हित्बोदेदुत’, अर्थात एकांत. रोज काही वेळ एकटे बसावे, शक्यतो रात्री आणि मोकळ्या जागी, आणि मनात जे काही असेल ते देवाशी बोलावे. त्यांचा आग्रह असा की हे बोलणे पोथीतल्या हिब्रूत करायचे नाही. आपण घरात ज्या भाषेत हसतो, रडतो आणि भांडतो त्या भाषेत करायचे. त्यांच्या माणसांची ती भाषा यिद्दिश होती. तुमची आणि माझी मराठी आहे.

शेमा आणि मुख्य प्रार्थना कोणत्याही भाषेत म्हणता येतात असे मिश्नाच्या सोता भागातच म्हटले आहे, आणि आपल्या समाजाने हे कधी परके मानले नाही. एकोणिसाव्या शतकात जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात आपल्या पूर्वजांनी तोराहमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचून गायली. ज्या मातीत तुकोबांनी विठ्ठलाला ‘तू’ म्हणून आळवले, त्याच्याशी भांडणही केले, त्याच मातीत आपली जीभ घडली आहे. देवाशी मनमोकळे कसे बोलावे हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. थोडी लाज मात्र बाजूला ठेवावी लागते.

म्हणून आजपासून असे करा. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास पंधरा मिनिटे काढा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, खिडकीजवळ पाठीला टेकू असलेल्या खुर्चीवर बसा आणि तोंडाने बोला. मनातल्या मनात नको, कारण मनातले बोलणे पुन्हा त्याच जुन्या चाकोरीत शिरते. आरंभ याकोबाच्या वाक्याने करा: ‘देवा, मला भीती वाटते.’ मग कशाची ते नेमके सांगा. ‘ऑपरेशनची’ हे उत्तर पुरेसे नाही. भूल दिल्यावर आपण जागे होणार नाही याची आहे का? मुलगा वेळेवर पोहोचणार नाही याची आहे? उठल्यावर आपले सारे दुसऱ्यांना करावे लागेल याची? की ज्या हाताला धरून एरवी रुग्णालयात गेला असता तो हात आता नाही, याची? मला वाटते, तुमच्या पत्रात जे एका ओळीत येऊन गेले ते दोन वर्षांपूर्वीचे दुःखही या भीतीत मिसळलेले आहे. ते बोलताना रडू आले तर येऊ द्या. शब्द फुटलेच नाहीत, तर रब्बी नाखमान सांगतात, एकच शब्द धरून ठेवा आणि तोच पुन्हा पुन्हा म्हणा. बोलण्याची नुसती इच्छा घेऊन बसलात तरी तो वेळ वाया जात नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या गळ्यातली गाठ तपासायला दिली होती आणि अहवाल यायला नऊ दिवस लागणार होते. पहिले तीन दिवस मी पाठ असलेली सगळी स्तोत्रे धडाधड म्हणत होते, जणू मध्ये थांबले तर काही तरी कोसळेल. चौथ्या दिवशी भांडी घासता घासता तोंडातून निघाले, ‘देवा, मी फार घाबरले आहे रे.’ बस, एवढेच. भीती त्या दिवशी गेली नाही, पण तिच्यासोबत एका घरात राहता येऊ लागले. त्या रात्री मी चार तास सलग झोपले, हे मला आजही आठवते.

रब्बी नाखमान यांचे एक वचन जगभर गाण्याच्या रूपाने पसरले आहे: सारे जग हा एक फार अरुंद पूल आहे आणि मुख्य गोष्ट म्हणजे अजिबात भिऊ नये. गाणे गोड आहे, पण ते ऐकून तुमच्यासारखी व्यक्ती आणखी खचेल, कारण ‘अजिबात भिऊ नये’ हे कोणाच्या हातात असते? त्यांच्या ग्रंथातली मूळ शब्दयोजना वेगळी आहे. तिथले क्रियापद स्वतःकडे वळणारे आहे. माणसाला फार अरुंद पूल ओलांडायचा असतो तेव्हा मुख्य गोष्ट अशी की त्याने स्वतःला घाबरवून घेऊ नये, असा तिचा अर्थ होतो. भीती येणे आपल्या हाती नसते. पहाटे तीन वाजता मोबाइल उघडून झडपेच्या शस्त्रक्रियेतले धोके शोधत बसणे आपल्या हाती असते. पहिल्याबद्दल कोणी तुम्हाला दोष देत नाही, दुसरे मात्र आजपासून बंद करा.

त्या तीन वाजताच्या वेळेसाठी मी तुम्हाला आणखी एका गुरूकडे नेते. वॉर्सॉजवळच्या पियासेच्नो गावचे रब्बी कलोनिमस कल्मान शपिरा आपल्या शिष्यांना ‘हश्काता’, म्हणजे मन निववण्याची, एक रीत शिकवत असत. विचारांशी झगडायचे नाही. काही वेळ बाजूला बसून, आता मनात काय चालले आहे, एवढे नुसते पाहत राहायचे. सुरुवातीला स्थिरता यावी म्हणून घड्याळाच्या काट्याकडे पाहत बसायलाही ते सांगत. पाहता पाहता विचारांचा लोंढा आपोआप ओसरतो, आणि मग त्या शांततेत एक ओवी हळुवार म्हणायची. मन ओसरते ते ओवीला जागा व्हावी म्हणून, हे इथेही दिसते. १९३९च्या सप्टेंबरमध्ये वॉर्सॉवर झालेल्या हल्ल्यात याच माणसाचा एकुलता एक मुलगा गेला; पुढे नाझींनी यहुद्यांना कोंडलेल्या घेट्टोच्या भिंतींआड ते दर शाब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतिदिनी, लोकांना धीर देत राहिले, तिथली प्रवचने लिहून जमिनीत पुरून ठेवली, आणि १९४३ मध्ये नाझींनी त्यांना ठार केले. पुरलेली ती पाने युद्धानंतर सापडली. त्यांच्या शब्दामागे काय उभे आहे हे कळावे म्हणून एवढे सांगितले.

तर जाग आल्यावर दिवा लावू नका, पण बिछान्यावर थोडे उशीला टेकून बसा. पाच मिनिटे विचारांना येऊ द्या आणि जाऊ द्या: ही मुलाची काळजी आली, हा खर्चाचा विचार आला, ही ती शस्त्रक्रियेची खोली आली. मग हाल्लेल या सणाच्या स्तोत्रमालेत आपण गातो ती ११८व्या स्तोत्रातली ओवी घ्या: ‘मिन हामेत्सार काराती याह, आनानी बामेरहाव याह.’ संकटातून मी परमेश्वराला हाक मारली आणि त्याने मला मोकळ्या जागेत उत्तर दिले. ‘मेत्सार’ म्हणजे अरुंद, आवळलेली जागा आणि ‘मेरहाव’ म्हणजे ऐसपैस मोकळी जागा. श्वास आत घेताना पहिला अर्धा आणि सोडताना दुसरा अर्धा मनात म्हणा; श्वास आपल्या चालीने चालू द्या, तो लांबवू नका आणि रोखू तर मुळीच नका. एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट सांगते. छातीत खरोखर दुखू लागले, दम लागला, घाम फुटला किंवा घेरी आली, तर ती ओवी म्हणण्याची वेळ नव्हे. तत्काळ शेजाऱ्यांना उठवून रुग्णालय गाठायचे. जीव वाचवण्यासाठी आपला धर्म शाब्बाथसुद्धा मोडायला सांगतो.

आणि शेमा? तुम्ही लिहिता की शेमा म्हणूनही भीती जात नाही. पण शेमाच्या शब्दांकडे एकदा नव्याने पाहा. ‘हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आमचा देव आहे, परमेश्वर एकच आहे.’ त्यात मागणे असे काहीच नाही. ‘ऐक’ असे तो आपल्यालाच सांगतो. कोकणच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेले आपले पूर्वज, परंपरा सांगते त्याप्रमाणे, ग्रंथ गमावून बसले होते, पुष्कळशा प्रार्थना विसरले होते, पण शेमा त्यांच्या ओठांवर टिकून राहिला. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते ‘शनिवार तेली’ संकटात, सुखात आणि मरणाच्या दारात तीच एक ओळ म्हणत. माझी आजी झोपण्याआधी उजव्या हाताने डोळे झाकून शेमा म्हणायची आणि शेवटचा ‘एहाद’, म्हणजे ‘एकच’, हा शब्द इतका लांबवायची की आम्ही मुले श्वास धरून ऐकत राहायचो. हा शब्द लांबवणाऱ्याचे आयुष्य लांबते असे ताल्मुद या ऋषींच्या चर्चाग्रंथात म्हटले आहे, हे मला फार उशिरा कळले. आजीला ते ठाऊक होते की नाही, कोण जाणे. तुम्हीही शेमा भीतीवरचे औषध म्हणून घाईघाईने दहा वेळा म्हणू नका. प्रार्थनेत शेमाची ओळ लागोपाठ दोनदा म्हणणे ऋषींना रुचत नसे. झोपताना एकदाच, डोळे झाकून, शेवटचा शब्द सावकाश म्हणा आणि मग क्षणभर खरोखरच ऐकत राहा.

त्या प्रार्थनेला जोडून येणारी दूतांची ओळ तुमच्या सिद्दूरमध्ये, म्हणजे प्रार्थनापुस्तकात, असेल: उजवीकडे मिखाएल, डावीकडे गाब्रिएल, समोर उरिएल, मागे रफाएल आणि डोक्यावर परमेश्वराचे सान्निध्य. रफाएल म्हणजे ‘देव बरे करतो’. बिछान्यावर पाठ टेकली की तो तुमच्या पाठीशी आहे, असे धरून झोपा. शस्त्रक्रियेच्या खोलीतही तुम्ही पाठीवरच निजणार आहात.

नवसाविषयी तुमचे मन खात आहे, ते खाऊ नये. एक्लेझियास्टीस, म्हणजे कोहेलेथ, हा आपला ग्रंथ सांगतो की नवस बोलून न फेडण्यापेक्षा तो न बोललेला बरा; म्हणून उठसूट नवस बोलू नये हे खरे. पण घाबरलेल्या जिवाने काही कबूल करणे याला आपल्या परंपरेत कोणी सौदा म्हणून हिणवलेले नाही. मुंबईच्या सॅम्युएल स्ट्रीटवरचे शाआर हाराहामीम हे शहरातले पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, आपल्या आजोबांच्या बोलण्यातली ‘जुनी मशीद’, १७९६ मध्ये उभे राहिले ते सामाजी हसाजी दिवेकरांमुळे. टिपू सुलतानाच्या कैदेत पडले असता, सुटलो तर देवाचे घर बांधीन असे त्यांनी कबूल केले होते, असे परंपरा सांगते. कैदेतल्या माणसाची ती भीती आज सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ इतरांना प्रार्थनेसाठी छप्पर देत आहे. तुम्ही कबूल केलेला मलिदा बरे झाल्यावर खुशाल करा. मात्र माझी एक सूचना ऐका: एक छोटा मलिदा आधीच, शस्त्रक्रियेपूर्वी करा, आणि तो नवसाचा नको, आजवरच्या एकसष्ट वर्षांच्या आभाराचा असू द्या. गोड पोहे, ओले खोबरे, फळे, एवढे पुरे. त्या निमित्ताने चार घरची माणसे येतील, आणि तुम्हाला आज माणसांची फार गरज आहे.

हे मी सौजन्याखातर म्हणत नाही. ताल्मुदाच्या बेराखोथ भागात रब्बी योहानान यांची गोष्ट आहे. रब्बी हिय्या आजारी पडले तेव्हा योहानान त्यांना भेटायला गेले आणि विचारले, ‘तुम्हाला ही दुःखे प्रिय आहेत का?’ हिय्या म्हणाले, ‘दुःखेही नकोत आणि त्यांचे फळही नको.’ योहानान म्हणाले, ‘तुमचा हात द्या,’ आणि हात धरून त्यांना उठवले. पुढे योहानान स्वतः आजारी पडले, तेव्हा रब्बी हनीना आले आणि त्यांनी त्यांना तसेच हात देऊन उठवले. ताल्मुद विचारतो, जो दुसऱ्याला उठवू शकत होता त्याने स्वतःला का उठवले नाही? उत्तर येते: कैदी आपणच आपल्याला तुरुंगातून सोडवू शकत नाही. तुम्ही आयुष्यभर वर्गातल्या मुलांना धीर दिला असेल. आता तुमचा हात कोणीतरी धरायला हवा. मुलाला आजच सांगा की मला भीती वाटते. त्याला काळजी लागू नये म्हणून तुम्ही फोनवर हसत असाल, हे मला न लिहिताही दिसते.

शल्यचिकित्सकांनाही विचारा. एका कागदावर प्रश्न लिहून घेऊन जा आणि संकोच न करता एकेक विचारा. भूल देणाऱ्या डॉक्टरांशी स्वतंत्र बोलायची विनंती करा. झोप लागत नाही, रात्री हातपाय गार पडतात, हेही त्यांना सांगायलाच हवे, कारण त्यावर उपचार आहेत आणि ते घेणे अश्रद्धा नव्हे. वैद्याला बरे करण्याची मुभा तोराहनेच दिली आहे, असे ताल्मुद सांगतो. अकराव्या शतकात स्पेनमध्ये बाह्या इब्न पाकुदा यांनी परमेश्वरावरच्या भरवशाविषयी एक संपूर्ण प्रकरण लिहिले; त्यातही उपाय आणि औषधे सोडून बसावे असे ते म्हणत नाहीत, उपाय करावा आणि भरवसा त्या उपायाच्या पलीकडे ठेवावा, असे म्हणतात.

शस्त्रक्रियेच्या सकाळसाठी ‘अदोन ओलाम’ या स्तोत्राचे शेवटचे कडवे आतापासून तोंडात बसवा: मी झोपेन आणि जागी होईन तेव्हा माझा आत्मा त्याच्या हाती सोपवते, आत्म्यासोबत माझा देहही, परमेश्वर माझ्यासोबत आहे, मी भिणार नाही. ‘झोपेन’च्या मागोमाग ‘जागी होईन’ आहे, हे पाहून घ्या. भुलीआधी बहुधा अंक मोजायला सांगतील. तोवर हे म्हणून झालेले असू द्या. शुद्धीवर आल्यावर घशात नळी असेल, बोलता येणार नाही, पण ‘मोदा आनी’ ही जागे झाल्यावरची आभाराची प्रार्थना मनात म्हणता येईल.

शस्त्रक्रियेची तारीख, तुमचे हिब्रू नाव आणि तुमच्या आईचे नाव मला लवकर कळवा. आजाऱ्यासाठीची ‘मी शेबेराख’ ही प्रार्थना आईच्या नावाने म्हणतात, आणि त्याआधीच्या शाब्बाथला आमच्या सिनेगॉगमध्ये तोराह उघडल्यावर मी ती हज्जानांकडून, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांकडून, म्हणवून घेईन.